नारू, पायविहीर आणि वस्त्रगाळ पाणी

मानवाने आजवर केवळ एकच मानवी रोग पृथ्वीतलावरून समूळ नाहीसा केला आहे. तो म्हणजे देवीचा रोग. १९८० साली त्याच्या उच्चाटनाची घोषणा झाली. त्या यशाच्या पाठीशी लस होती. दुसरा एक रोग आज त्याच वाटेवर अंतिम टप्प्यात आहे आणि भारतातून तर तो केव्हाच हद्दपार झाला आहे. तो रोग म्हणजे नारू. नारूवर लस निघाली नाही, खात्रीचे औषधही सापडले नाही. तथापि तो हटला. तो कशाने हटला, हा इतिहास प्रत्येक सेवाभावी संस्थेने अभ्यासावा असा आहे.

पुरातन व्याधी

नारू हा दोऱ्यासारखा कृमी होय. त्याची मादी सुमारे एक मीटर लांब वाढते. शरीरात शिरल्यापासून जवळजवळ एक वर्षाने ती त्वचेखाली येते आणि बहुधा गुडघ्याखालील पायावर जळजळणारा फोड उठतो. फोड फुटला की पांढरे टोक दिसू लागते. ते काडीला गुंडाळून दररोज थोडे थोडे ओढून काढणे, हाच हजारो वर्षे चालत आलेला उपचार. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये या उपचाराचा उल्लेख असल्याचे अभ्यासक मानतात. आयुर्वेदात या व्याधीस 'स्नायुक' असे नाव आहे. १९७५ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एका अल्पवयीन मुलीची इजिप्शियन ममी उलगडून तपासण्यात आली, तेव्हा तिच्या शरीरात कॅल्शियम साचून कठीण झालेला नारूचा अवशेष आढळला.

नारूने मृत्यू क्वचितच येतो. पण तो माणसाला अंथरुणाला खिळवतो. ओढताना कृमी तुटला तर पाय सुजतो, गळू होते, जखमेत पू धरतो. तो गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्याजवळ असेल तर सांधा आखडतो आणि काहींना कायमचे पंगुत्व येते. शरीरातच मेलेला नारू क्ष-किरण चित्रात वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषेसारखा दिसतो, हे अस्थिरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे. राजस्थानात नारू बाहेर पडण्यापूर्वीच लहानसा छेद देऊन तो अखंड काढण्याची पद्धत वापरली गेली. रुग्णाचे अपंगत्वाचे दिवस तिने कमी होतात, असा अहवाल १९९३ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु शस्त्रक्रियेने एका रुग्णाचा पाय वाचतो, गाव वाचत नाही. त्यासाठी मूळ शोधणे आवश्यक होते.

पाण्यातील दुवा

हे मूळ प्रथम १८७० साली सापडले. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेन्को यांनी तुर्कस्तान प्रांतात संशोधन करताना पाहिले की, नारूची सूक्ष्म पिल्ले पाण्यातील 'सायक्लॉप्स' नावाच्या इवल्याशा जीवाच्या पोटात वाढतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट लायपर यांनी असे सायक्लॉप्स केळ्यातून माकडाला खाऊ घातले आणि काही महिन्यांनी त्याच्या शरीरात नारू दाखवून दिला. माणसाच्या बाबतीतला पुरावा मात्र मुंबईने दिला. परळ येथील जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, डॉ. तर्खड यांनी १९१३ च्या सुमारास स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवर प्रयोग करून सायक्लॉप्समधूनच नारू जडतो हे सिद्ध केले.

चक्र असे उलगडले. नारूचा रुग्ण दाह शमविण्यासाठी किंवा पाणी भरण्यासाठी पाण्यात पाय टाकतो. त्याच क्षणी मादी लाखो पिल्ले पाण्यात सोडते. ती सायक्लॉप्स गिळतात. दोन आठवड्यांत पिल्ले रोगक्षम होतात. ते पाणी जो पितो, त्याला वर्षभराने नारू होतो. हे चक्र कोठेही एका ठिकाणी तोडले की रोग संपतो.

पुण्यकर्म आणि व्याधी

येथे इतिहासाचे एक कटू सत्य समोर येते. कोरड्या मुलखात वाटसरूला पाणी मिळावे म्हणून आपल्या पूर्वजांनी पायविहिरी, बारवा आणि वाव बांधल्या. पाटणची राणी की वाव आणि १४९९ साली पूर्ण झालेली अडालजची वाव ही त्यांची विख्यात उदाहरणे. राजे, राण्या, सावकार, व्यापारी यांनी जलदान हे श्रेष्ठ पुण्य मानून या कामी धन वेचले. गावोगावच्या साध्या पायविहिरींमागेही हीच भावना होती. परंतु ज्या पायऱ्यांनी तहानलेला माणूस पाण्यापर्यंत पोहोचला, त्याच पायऱ्यांनी नारूचा रुग्णही पाण्यात उतरला. दात्याचा हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. त्या काळी हे ज्ञानच नव्हते, म्हणून दोषही देता येत नाही. मात्र ज्ञान झाल्यानंतर ती वास्तू तशीच राखणे हे पुण्य राहिले नाही.

वस्त्राचा महिमा

चक्र तोडण्याचा दुसरा मार्ग कापडाचा. सायक्लॉप्सची लांबी साधारणतः अर्धा ते दोन मिलिमीटर. दाट विणीचे सुती कापड दुहेरी करून पाणी गाळले की तो वरच अडकतो. जैन घरांतून पाणी गाळून पिण्याचा नियम शतकानुशतके चालत आला आहे. वस्त्र दुहेरी असावे, त्यातून सूर्यबिंब आरपार दिसू नये इतके ते जाड असावे, असा परंपरेचा दंडक आहे. नारूचा प्रतिबंध करण्यास जे कापड लागते, त्याचे हे जणू वर्णनच होय.

तथापि येथे विवेक राखला पाहिजे. हा नियम नारूसाठी झाला नाही. त्यामागील प्रेरणा अहिंसेची, पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या रक्षणाची होती. म्हणूनच गाळण्यावर राहिलेली जिवाणी त्याच जलाशयात हळुवारपणे परत सोडण्याची प्रथा आहे. आरोग्याच्या दृष्टीने पाहता, गाळण्याने पिणारा वाचतो. पण सायक्लॉप्स पाण्यातच राहतो. गाव वाचवायचे तर रुग्णाचा पायच पाण्याबाहेर ठेवावा लागतो. पूर्वजांना सारे शास्त्र ठाऊक होते, असा दावा करण्याची गरज नाही. जीवदयेतून पाळलेल्या शिस्तीने माणसाचेही रक्षण झाले, एवढे सत्य पुरेसे गौरवास्पद आहे.

शिवाय शिस्तीशिवाय कापड निरुपयोगी असते. विरलेल्या वस्त्रातून किंवा एखाद्या छिद्रातून सायक्लॉप्स निसटतो. गाळणे उलटे धरले तर आधी अडकलेले जीव घागरीत उतरतात. म्हणून बाजू ठरलेली हवी, कापड धुतलेले हवे आणि पोत तपासलेला हवा.

निर्मूलन

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे त्याची धुरा होती. प्रारंभी महाराष्ट्र, राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू या सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत सुमारे ४०,००० रुग्ण आढळले. कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन रुग्ण शोधले. पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून कठडे बांधले, हातपंप बसविले. पाण्यात टेमेफॉस हे औषध अल्प प्रमाणात टाकले. दुहेरी कापडाने व बारीक जाळीच्या गाळण्याने पाणी गाळावयास शिकविले. राजस्थानात बांसवाडा, डुंगरपूर, उदयपूर भागात युनिसेफच्या सहकार्याने चाललेल्या 'स्वच्छ' प्रकल्पात गावातील स्त्रियांनीच हे शिक्षण घरोघर पोहोचविले. नारूला दैवी कोप मानणाऱ्या गावाला पाण्याचे शास्त्र पटविणे, हे हातपंप बसविण्याहून अवघड काम होते.

भारतातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ दक्षता ठेवल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. जगात १९८०च्या दशकाच्या मध्यास वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ साली केवळ १५ रुग्णांची नोंद झाली. आफ्रिकेतील चाडसारख्या देशांत कुत्र्यांमध्ये नारू आढळत असल्याने शेवटचे पाऊल अद्याप बाकी आहे.

बोध

या इतिहासातून धर्मादाय कार्य करणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, मोठ्या संकटावरचा उपाय नेहमीच मोठ्या खर्चाचा नसतो. हातभर कापड आणि ते रोज नेमाने वापरणारा हात, एवढ्यानेही पिढ्यान्पिढ्यांची व्याधी दूर राहते. दुसरी अशी की, दान देऊन दात्याची जबाबदारी संपत नाही. पूर्वजांनी श्रद्धेने बांधलेल्या विहिरीची पायरी पुढच्या पिढीने बुजविली, त्यात पूर्वजांचा अवमान झाला नाही. तहानलेल्याला निर्मळ पाणी मिळावे, हा त्यांचाच हेतू त्यामुळे खऱ्या अर्थाने पूर्ण झाला.