श्रमबचत, दैनंदिन (बंगळूरु)

दीर्घ आजारात किंवा हालचाल मर्यादित झाल्यावर अंगातली मोजकी ताकद कशावर खर्चायची, हे आधी ठरवून वागण्याची रीत. व्यवसायोपचारात (ऑक्युपेशनल थेरपी) ती शिकवतात. या शाखेचे भारतातले पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. बंगळूरुत निम्हान्स या मनोविकार व चेताविकारांच्या रुग्णालयात स्वतंत्र पुनर्वसन विभाग आहे, तर १९५९ पासून ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसेबिलिटी’ ही संस्था अपंगांसाठी काम करते.

श्रमबचत म्हणजे पडून राहणे नव्हे. त्याने स्नायू आणखी दुबळे होतात. दमल्यावर नव्हे, दमण्याआधी थांबायचे, हा तिचा गाभा. पाळायला अवघड तोच. बरे वाटलेल्या दिवशी तुंबलेली सगळी कामे उपसणारा माणूस पुढचे दोन दिवस अंथरूण धरतो.

दमण्याची कारणे आजारागणिक वेगळी. सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात हात खांद्याच्या वर गेले की धाप लागते, कारण श्वासाला हातभार लावणारे मानेचे व खांद्याचे स्नायू हात तोलण्यात गुंततात; म्हणून केस विंचरताना कोपर टेबलावर टेकवावे आणि रोजचे डबे कमरेच्या उंचीवर ठेवावेत. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उष्णतेने थकवा वाढतो, तेव्हा अंघोळ कोमट पाण्याने आणि स्टुलावर बसून. लहानपणी पोलिओ झालेल्यांना काही दशकांनी नव्याने अशक्तपणा येऊ शकतो. तग धरलेल्या चेतापेशींनी तोवर जादा भार वाहिलेला असतो. तिथे ‘जिद्दीने आणखी चाला’ हा प्रेमळ सल्ला घातक ठरतो.

स्वयंपाकघरात खरा खर्च बहुधा कामापेक्षा बैठकीचा असतो. कन्नड घरातली ईळिगे मणे म्हणजे आपली विळी. तिच्यावर भाजी चिरण्यापेक्षा जमिनीवरून उठणेच महाग पडते. ओट्याशी उंच स्टूल आणि हातात सुरी आली की तो खर्च टळतो. इडली-डोशाचे तयार पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. ते आणण्यात कमीपणा मानू नये.

घरात वाचवलेली ताकद शहर मात्र रस्त्यावर वसूल करते. २०११ मध्ये सुरू झालेल्या नम्म मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, पण तिथवर नेणारे पदपथ अनेक ठिकाणी गटारावरच्या डुगडुगत्या फरशांचे. स्वस्त आणि चटपटीत ‘दर्शिनी’ उपाहारगृहांत तर उभ्याने खाण्याचीच रीत. काठी टेकून आलेल्याने एका हाताने ताटली कशी सांभाळावी, याचा विचार तिथल्या उंच टेबलांनी केलेला नाही.

काय वगळायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, घरच्यांनी नव्हे. रामनवमीच्या उत्सवात चामराजपेठेतल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर संध्याकाळची कचेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, ऐकायची असेल, तर त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ नको, बाजार नको; दुपारी पडून घ्यावे, रिक्षा दारातच बोलवावी आणि मैदानात कडेची खुर्ची धरावी.