'असावी'चे 'आहे' : भोकरदनची मूर्ती आणि एआयचा इतिहास

भोकरदनच्या इतिहासावर एक छोटी पुस्तिका काढायची म्हणून आम्ही एका एआय एजंटला काम सांगितले. काही मिनिटांत मजकूर आला. त्याचे पहिलेच वाक्य होते, 'पॉम्पेईची लक्ष्मी भोकरदनच्या बौद्ध कारागिरांनी घडवली.' वाचून आमची छाती फुगली. पण यातले सिद्ध किती?

इटलीतले पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचे मराठवाडा विद्यापीठ यांनी भोकरदनला उत्खनन केले. त्यात या मूर्तीशी साम्य असलेली भग्न हस्तिदंती मूर्ती मिळाली. तेरलाही अशी मूर्ती मिळाली आहे. एवढा पुरावा. त्यावरून पॉम्पेईची मूर्ती सातवाहनांच्या मुलखात, कदाचित भोकरदनलाच घडली असावी, हा अभ्यासकांचा तर्क. दुसरीकडे, तिच्यावर वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे आणि अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंती कामाशीही तिचे साम्य आहे. 'लक्ष्मी' हे नावसुद्धा अंदाजच. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. आणि मूर्तींच्या साम्यावरून कारागिराचा धर्म तर कळतच नाही.

एजंट टप्प्याटप्प्याने काम करतो. तो आधी वाचलेल्याचा सारांश काढतो. त्यात 'कदाचित' गळते. पुढच्या टप्प्यात तो स्वतःचीच टिपणे पुरावा म्हणून वापरतो. उत्खननात निघालेली वस्तू आणि तिच्यावरून बांधलेला तर्क, दोन्ही तो सारख्याच ठाम भाषेत लिहितो.

पण सगळा दोष यंत्राचा नाही. ते वाक्य आपल्या सोयीचे होते, म्हणून आम्हाला लगेच पटले. ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा नुसत्या तर्काला पटते म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास ठरवला. पण जिथे दुवे तुटले आहेत तिथे आपण अनुमान वापरले आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच उघडपणे मांडले. तर्क करायला त्यांची ना नव्हती. तर्काला तर्क म्हणण्याचा प्रामाणिकपणा मात्र त्यांनी पाळला.

मित्रहो, आपल्याकडे भक्कम पुरावा असताना उसना कशाला? सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवढनच्या दात्यांची नोंद आहे. भोगवढन म्हणजे भोगवर्धन, आजचे भोकरदन. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे तथागतांच्या स्तूपासाठी दान देत होती, हे दगडात कोरलेले आहे. त्याच पानावर आपण मूर्तीची थाप छापली, तर विरोधक ती पकडतील आणि सांचीचा लेखही तसलाच म्हणतील.

पुस्तिकेत आम्ही सांचीचे दानलेख आधी घेतले. मूर्तीवरच्या परिच्छेदात 'असावी' ठेवले. एआय जरूर वापरा. पण प्रत्येक वाक्याला विचारा : हे सापडले, की कुणाला वाटले?

जयभीम!