बो, गो आणि बॉइन

आयर्लंडच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर वर आयरिश नाव असतं आणि खाली इंग्रजी. खालचं नाव पुष्कळदा वरच्या नावाचा मोडका उच्चार असतो. अर्थ हवा असेल तर वरची ओळ वाचायची, आणि तिथे मराठी माणसाला एक सख्खं नातं भेटतं: 'बो'. बो म्हणजे गाय.

आपली 'गो' ती तिकडची 'बो'. मूळ भारोपीय भाषेत ओठांचा चंबू करून उच्चारलेला एक 'ग्व' होता. संस्कृतानं त्यातला गळ्याचा अंश ठेवला, आयरिशनं ओठांचा. हा योगायोग नव्हे, नियम आहे. 'जीव' शब्दाच्या मुळाशीही हाच वर्ण. आपल्याकडे त्याचा पुढे 'ज' झाला, आयरिशमध्ये मात्र जिवंत असण्याला 'ब्यो' म्हणतात.

तिकडे रस्त्यालाही गाईचंच नाव आहे. रस्ता म्हणजे 'बोहर', गाईची वाट. कॅशेलच्या खडकावरचे पडके मनोरे पाहायला प्रवासी जातात. तिथला राजा आणि बिशप कॉर्मक इ. स. ९०८मध्ये मारला गेला. त्याच्या नावानं चालत आलेल्या शब्दकोशात बोहरची रुंदी दिली आहे: एक गाय उभी आणि एक आडवी मावेल एवढी. याच शब्दाचं लहानखुरं रूप 'बोहरीन'. दोन्ही बाजूंना रचीव दगडांचे गडगे, मधून हिरवी अरुंद वाट. आपल्याकडे त्या वाटेला पाणंद म्हणतील.

नदीही गाय आहे. डब्लिनच्या उत्तरेला समुद्राला मिळणारी बॉइन ही बोआन देवीची नदी. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात तिचं नाव 'बूविंद' असं नोंदवलं. ते वाचून आपल्या ओठांवर 'गोविंद' आल्यावाचून राहत नाही, पण इथे हात आवरायला हवा. पहिला भाग खरोखर एक आहे. दुसरा फक्त कानाला सारखा लागतो: आपल्या 'विंद'मध्ये मिळवणं आहे, तर त्यांचा 'विंद' म्हणजे पांढरा, आजच्या आयरिशमधला 'फिन'. म्हणजे बॉइन ही धवल गाय. हेच दोन शब्द पश्चिम किनाऱ्याजवळच्या इनिशबोफिन बेटाच्या नावातही आहेत: पांढऱ्या गाईचं बेट. धुक्यात हरवलेल्या या बेटावर कोळ्यांनी विस्तव पेटवला, धुकं फिटलं आणि पांढरी गाय हाकत नेणारी एक बाई दिसली, अशी तिथली दंतकथा आहे.

बॉइनच्या काठावर न्यूग्रेंजची दगडी समाधी आहे, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची. डिसेंबरच्या अयनदिनी उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून आत शिरतो आणि १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट आतल्या दालनापर्यंत पोचतो. अशा वास्तूचं नाव मात्र 'नवं कोठार'! ११४२मध्ये जवळच मेलिफोंटचा मठ झाला, ही जमीन त्याच्या शेतीत गेली, आणि मठाच्या शेतवाडीला 'ग्रेंज' म्हणत. हे नाव मला खरंच टोचतं. आयरिशमध्ये या परिसराला 'ब्रू ना बोन्य', बॉइनचा वाडा म्हणतात. ते नाव या जागेला शोभतं.

शॅनन नदीकाठचं क्लॉनमॅकनॉइज सहाव्या शतकात किरान या संतानं वसवलं. बाराव्या शतकाच्या आरंभी तिथे एक पोथी लिहिली गेली, 'कपिल्या गाईची पोथी'. किरानच्या लाडक्या गाईच्या कातड्यावरून हे नाव पडलं, असं परंपरा सांगते. त्या पोथीत 'टॉइन' या महाकथेचा सर्वांत जुना पाठ आहे, आणि ती कथा आहे एका बैलासाठी झालेल्या युद्धाची. आपल्या ऋग्वेदात 'गविष्टि', म्हणजे गाईंची इच्छा, हा शब्द लढाईसाठी येतो. गाई बांधायच्या जागेला 'गोष्ठ' म्हणत. त्यापासून आपला 'गोठा' झाला. तिथे जमलेल्यांच्या बोलण्याची ती 'गोष्ठी', आणि तिचीच आपली 'गोष्ट'.

त्या पोथीची ६७ पानं आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहेत.