टीटी शर्यतीचे प्रक्षेपण : श्रवणापासून दर्शनापर्यंत

मोटरसायकलच्या शर्यती दूरचित्रवाणीऐवजी इंटरनेटवरून पाहण्याची प्रथा गेल्या दोन दशकांत रूढ झाली. एका साधनाची जागा दुसऱ्या साधनाने घेतली, अशा सोप्या शब्दांत या स्थित्यंतराचे वर्णन बहुधा करण्यात येते. जागतिक विजेतेपदाच्या शर्यतींपुरते ते फारसे चुकीचे नाही. परंतु आइल ऑफ मॅन बेटावरील ‘टूरिस्ट ट्रॉफी’, म्हणजेच टीटी, या शर्यतीला ते लागू पडत नाही. तेथे इंटरनेटने दूरचित्रवाणीला पदच्युत केले असे म्हणता येत नाही; कारण दूरचित्रवाणी त्या पदावर खऱ्या अर्थाने कधी बसलीच नव्हती. १९०७ साली सुरू झालेल्या या शर्यती आरंभापासून अखेरपर्यंत घरबसल्या पाहण्याची सोय २०२२ साली प्रथम झाली, आणि ती इंटरनेटच्या द्वारे झाली.

या विलंबाचे मूळ शर्यतीच्या जन्मकथेतच सापडते. ब्रिटनमध्ये शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्यास कायद्याची संमती नव्हती. मॅन बेटाला मात्र ‘टिनवाल्ड’ हे स्वतःचे विधिमंडळ असल्यामुळे त्याने १९०४ साली तसा कायदा केला, आणि शर्यतींना तेथे आश्रय मिळाला. १९११ पासून टीटी स्नेफेल पर्वताच्या अंगाने जाणाऱ्या मार्गावर होऊ लागली. हा मार्ग ३७.७३ मैलांचा, म्हणजे सुमारे ६० किलोमीटरांचा आहे. गावे, दगडी कुंपणे, पूल आणि धुक्याने वेढलेला उघडा डोंगर यांतून तो जातो. एवढ्या विस्तारावर कॅमेरे मांडणे व त्यांची चित्रे एकत्र आणणे हे कोणत्याही प्रक्षेपणसंस्थेला खर्चाचेच काम होते. त्यातून डोंगरावर धुके उतरले की बचावकार्याचे हेलिकॉप्टर उडू शकत नाही, आणि ते उडू शकत नसेल तर शर्यत सुरू होत नाही. ज्या माध्यमाचा दिवस घड्याळाच्या काट्यावर बेतलेला असतो त्याला असा लहरी पाहुणा परवडणारा नव्हता.

याहूनही महत्त्वाचे कारण शर्यतीच्या स्वरूपात आहे. टीटीत स्पर्धक एकदम सुटत नाहीत. ते ठरावीक अंतराने, अलीकडे दहा दहा सेकंदांनी, एकेक करून सोडले जातात. स्पर्धा परस्परांशी असली तरी ती घड्याळाच्या मध्यस्थीने चालते. पुढे दिसणारा स्वार पुढे असेलच असे नाही. अशा शर्यतीत डोळ्यांपेक्षा हिशेब अधिक उपयोगी, आणि हिशेब सांगण्यास आवाज पुरेसा असतो. म्हणूनच टीटीचे खरे माध्यम नभोवाणी ठरले. १९३१ ची लाइटवेट टीटी जिंकलेले ग्रॅहम वॉकर यांनी पुढे बीबीसीवर या शर्यतींचे समालोचन केले; त्यांच्या जोडीला त्यांचे पुत्र मरे वॉकर असत. १९६४ साली मँक्स रेडिओची स्थापना झाल्यावर ही परंपरा बेटावरच रुजली. ग्लेन हेलन, रॅमझी अशा ठिकाणी बसलेले समालोचक स्वार नजरेस पडताच त्याची वेळ सांगत, आणि दोन ठाण्यांमधले अंतर श्रोता कल्पनेने भरून काढी. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेट समालोचन ऐकलेल्या मराठी पिढीला या श्रवणसुखाची जात निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्र या श्रवणात एक भयही होते. डग्लस येथील प्रेक्षागृहासमोरच्या भव्य फलकावर प्रत्येक स्पर्धकाची तबकडी असे. त्याने एकेक ठाणे ओलांडल्याची वार्ता येताच बालवीर तिचा काटा पुढे सरकवीत. काटा सरकला नाही, तर त्याचा अर्थ काय असू शकतो हे जमलेल्या प्रत्येकाला, विशेषतः स्पर्धकांच्या कुटुंबीयांना, ठाऊक असे. या मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धकांनी प्राण गमावले आहेत. १९७२ साली जिल्बेर्तो पार्लोत्ती मृत्युमुखी पडल्यावर जाकोमो अगोस्तिनी यांनी टीटीकडे पाठ फिरवली, आणि १९७६ नंतर जागतिक विजेतेपदाच्या मालिकेतून ती वगळण्यात आली.

येथे दोन वाटा फुटल्या. जागतिक मालिका बंदिस्त, आखूड मार्गांवर स्थिरावली. पाऊण तासात संपणारी व सर्व स्पर्धक एका दृष्टिक्षेपात सामावणारी ही शर्यत दूरचित्रवाणीच्या मापाचीच होती. १९९२ पासून तिचे व्यापारी हक्क डोर्ना या स्पॅनिश संस्थेकडे गेले, आणि पुढे ते सशुल्क वाहिन्यांना विकले गेले. ब्रिटनमध्ये बीबीसीवरील विनामूल्य प्रक्षेपण २०१३ च्या हंगामाबरोबर संपले. स्पेनमध्ये २०१९ साली हक्क डॅझोन या इंटरनेटवरील सेवेकडे आले. या वाटेवर प्रेक्षकाच्या पदरात नवे असे थोडेच पडले. जे पूर्वी फुकट मिळे त्याची किंमत मात्र त्याला मोजावी लागली.

टीटीच्या वाट्याला दूरचित्रवाणीवर प्रामुख्याने संकलित अंशच आले; आयटीव्ही ४ वर सायंकाळी दाखवला जाणारा सारांश हे त्याचे परिचित रूप. २०२० व २०२१ मध्ये महासाथीमुळे शर्यती झाल्या नाहीत. २०२२ साली त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा बेटाच्या शासनाने ‘टीटी प्लस’ ही स्वतःची सेवा काढली व थेट प्रक्षेपणाचा परवाना सुमारे पंधरा पौंडांस प्रेक्षकांना विकला. रस्ते बंद करण्याचा अधिकार ज्या शासनाचा, तेच आता त्या रस्त्यांवरील दृश्याचे विक्रेते झाले. वाहिनीचे वेळापत्रक आड न आल्यामुळे धुक्याने लांबलेली शर्यतही दाखवता येऊ लागली.

परंतु सायंकाळच्या सारांशात एक गोष्ट अनायासे साधत असे, तिचे मोल थेट प्रक्षेपण आल्यावरच कळते. सकाळी काय घडले हे संकलकाला ठाऊक असे. कोणाचे नाव कसे उच्चारावे, कोणते दृश्य वगळावे, हे ठरवण्यास त्याला काही तास मिळत. घटना आणि तिचे कथन यांमधील हा अवधी २०२२ मध्ये नाहीसा झाला, आणि त्याच वर्षी झालेल्या अपघातांत सहा स्पर्धक दगावले. त्यांपैकी साइडकारच्या एका अपघातात मृत कोण आणि जखमी कोण याविषयी अधिकृत घोषणाच चुकली. दोन सहकाऱ्यांची ओळख उलटसुलट झाली व दुरुस्तीस काही दिवस लागले. थेट चित्र साऱ्या जगाला उपलब्ध असताना ही चूक घडली, हे दर्शनालाच ज्ञान मानणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

२०२२ नंतरही नभोवाणीवरील समालोचन बंद पडले नाही. कुंपणाआड बसलेल्या प्रेक्षकाला स्वार दिसतो तो क्षणभरच. तो कितवा आहे आणि पुढच्या ठाण्यावर पोहोचला की नाही, हे त्याला ऐकूनच कळते.