नोंद उद्याच्या वाचकासाठी : प्रस्तावना

१ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. शहराने हा बदल मुकाट्याने मानला नाही. गिरणीकामगारही खवळले, कारण घड्याळ पुढे केले की सकाळची पाळी सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी सुरू होणार. पुढे कित्येक वर्षे शहरात दोन्ही वेळा नांदल्या. त्या काळातल्या कागदावर नुसते ‘सकाळी दहा वाजता’ एवढेच असेल, तर आज कोणते दहा धरायचे? लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज त्याला वाटली नाही.

कमांड लाईनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे लॉग हा या पुस्तकाचा विषय, आणि त्यातल्या बहुतेक अडचणी याच जातीच्या आहेत. युनिक्सवरच्या सिसलॉग या लॉगयंत्रणेच्या जुन्या ओळीत महिना, तारीख आणि वेळ असे. वर्ष नसे, टाइमझोनही नसे. २००९ च्या आरएफसी ५४२४ या मानकाने दोन्हींची सोय केली. लॉग लिहिणारा आज सगळे जाणून असतो. वाचणारा उद्या येतो आणि त्याच्या हाती फक्त ती ओळ असते. पातळी, फाईल आणि फॉरमॅट यांचे सगळे निर्णय या उद्याच्या वाचकाला समोर ठेवून घ्यावेत, हे या पुस्तकाचे म्हणणे.

नोंदीचे गांभीर्य सांगणाऱ्या पातळ्यांची परंपरा एरिक ऑलमनने १९८० च्या दशकात सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या सिसलॉगपर्यंत मागे जाते. त्यात शून्य ते सात अशा आठ पातळ्या आहेत; आकडा जितका लहान, तितका प्रसंग गंभीर. पायथनच्या लॉगिंगमध्ये नेहमीच्या पाच पातळ्या आहेत आणि तिथे आकडा वाढतो तसे गांभीर्य वाढते. काही सांगितले नाही तर पायथन वॉर्निंग आणि त्यावरचेच दाखवतो. ‘इन्फो लिहिले, पण दिसत का नाही?’ हा नवशिक्यांचा प्रश्न त्यातूनच येतो.

सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम घ्या. सभासदांची यादीच सापडली नाही, तर काम होणे शक्य नाही: एरर. ४१२व्या ओळीत रक्कम रिकामी, ती ओळ वगळून काम पुढे गेले: वॉर्निंग. सगळ्या पावत्या तयार झाल्या: इन्फो. प्रत्येक ओळीतून काय वाचले: डीबग. आता वॉर्निंगची ओळ ‘इनपुट चुकीचे’ अशी लिहिली, तर खजिनदाराला यादी पहिल्यापासून चाळावी लागेल. ‘ओळ ४१२: रक्कम रिकामी, पावती केली नाही’ असे लिहिले, तर तो थेट त्या सभासदाकडे जाईल. प्रत्येक नकार मात्र एरर नसतो. ग्रेपला शोधलेला शब्द मिळाला नाही तर तो १ हा एक्झिट कोड देतो. खरोखर काही बिघडले तर २.

कमांड लाईनचा आणखी एक पेच आहे. इथे एका प्रोग्रॅमचे आउटपुट पाइपमधून दुसऱ्याचे इनपुट होते. वरची वॉर्निंग स्टँडर्ड आउटपुटवर छापली, तर ती पावत्यांच्या डेटात जाऊन बसेल. म्हणून डेटा स्टँडर्ड आउटपुटवर आणि सूचना स्टँडर्ड एररवर, ही युनिक्सची शिस्त. क्रॉनमधून रात्री चालणाऱ्या प्रोग्रॅमसमोर तर कोणी बसलेलेच नसते; तिथे फाईल लागते. ती कुठे ठेवायची, कधी बदलायची, प्रोग्रॅमच्या दोन प्रती एकाच वेळी तिच्यात लिहू लागल्या तर काय, याची चर्चा तिसऱ्या प्रकरणात आहे.

आपल्याकडे लॉग ठेवणे हा आता केवळ आवडीनिवडीचा भाग राहिलेला नाही. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे असतात आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायची असतात. जपून ठेवायचे म्हणजे काय लिहू नये याचाही विचार आला: पासवर्ड आणि आधार क्रमांक लॉगमध्ये कधीही उतरू नयेत.

हे पुस्तक जिथे लिहिले, त्या गिरणगावातल्या डिलाईल रोडला आज कामगार नेते ना. म. जोशींचे नाव आहे. त्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. गिरण्यांच्या आवारांत आता ऑफिसे आहेत आणि चाळींतली मुले तिथे सॉफ्टवेअर लिहायला जातात. दिवसभराचे काम उरकून शिकणाऱ्यांना त्यांच्या भाषेत शिकता यावे, ही या भागाची जुनी गरज. हे पुस्तक त्यांच्यासाठीच लिहिले आहे. टर्मिनल उघडता येत असेल आणि एखादी छोटी स्क्रिप्ट लिहिली असेल, तर एवढी तयारी पुरे.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. तुमच्याच एखाद्या जुन्या प्रोग्रॅमची सहा महिन्यांपूर्वीची लॉग फाईल उघडा आणि कोड न बघता, त्या दिवशी काय झाले ते शेजारच्याला सांगून पाहा. जिथे अडाल, ती जागा लिहून ठेवा. त्यावरचे प्रकरण पुढे तुम्हाला सापडेल.

डिलाईल रोड, मुंबई