खुंट्यावरचा दुसरा हात

पौषातली पहाट, साल १९२१. मुळशी पेट्यात, निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातल्या एका घरात तुम्हाला कुणीतरी हलवून उठवतंय. तुम्ही नऊ वर्षांची पोर आहात. बाहेर मिट्ट काळोख आहे. पडवीच्या कोपऱ्यात जातं मांडलंय आणि आत्या एक पाय लांब करून आधीच बसलीय. तिच्या समोरची जागा आईची. पण आई बाळंतीण आहे, म्हणून आजपासून ती जागा तुमची.

सुपात नाचणी आहे. आत्या मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडते, खुंटा धरते आणि तुमच्याकडे बघते. तुमचा हात तिच्या हातावर बसतो. पहिले काही फेरे ती एकटीच ओढते, तुमचा हात नुसता तिच्याबरोबर फिरतो. मग ती म्हणते, "वढ की गं पोरी." तुम्ही ओढता. वरची तळी घरघरत सरकते, पीठ कडेने झरायला लागतं, आणि आत्याच्या छातीतून गाणं निघतं.

गाणं सुरू होणार, असं कुणी सांगितलेलं नसतं. पहिली ओवी देवाची, मग पंढरीची, मग तिच्या भावाची. उजाडायला लागलं की ती सीतेवर येते. ही सीता पोथीतल्यासारखी बोलत नाही. तिला सासुरवास आहे, तिला वनात धाडलंय आणि तिचं बाळंतपण करायला जवळ कुणी बाई नाही. आईच्या खोलीकडे कान देत तुम्ही ऐकता, आणि सीतेला नेमकं काय झालं ते तुम्हाला या पहाटे कळतं.

चाल तुम्हाला अनोळखी नाही. आई दळत असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून तुम्ही कित्येक वर्षं झोपला आहात. जात्याची थरथर आणि आईचा आवाज दोन्ही एकदमच अंगात उतरलेत. पण कानात असणं वेगळं आणि गळ्यातून काढणं वेगळं. आज पहिल्यांदा तुमचं तोंड उघडतं, आणि काय आधी येतं ते बघा. आधी येतं ते "गं बाई". ओळीच्या मध्ये, ओळीच्या शेवटी, पुढचा शब्द आठवेपर्यंत बायका जे घालतात ते. प्रत्येक ओवीत असल्यामुळे ते चुकत नाही. मग ओळीचा शेवटचा शब्द येतो, कारण आत्या तो लांबवते. मग अख्खी ओळ. ओवी दोन ओळींची; आत्या पहिली ओळ टाकते, तुम्ही ती तिच्यामागून उचलता, तेवढ्यात तिला दुसरी सुचलेली असते. अर्थ बराच उशिरा, कधी कधी स्वतः सासरी गेल्यावर कळतो.

दम कुठे घ्यायचा हेही कुणी शिकवत नाही. खुंटा आपल्याकडे ओढताना पोट आवळतं, समोर जाताना सैल पडतं. आठवड्याभरात तुमचा श्वास त्या फेऱ्याला बांधला जातो. आत्या नवे दाणे टाकते तेव्हा हात मंदावतो, ओळही मंदावते. तुमचा सूर घसरला तर ती थांबत नाही, रागवत नाही. जरा मोठ्याने म्हणते, एवढंच. तिला कुणी विचारलं की पोरीला गाणं कुणी शिकवलं, तर ती म्हणेल, शिकवायचं काय त्यात, दळायला बसली की येतं. मराठीत म्हणच आहे, जात्यावर बसलं की ओवी सुचते.

आता थोडं पूर्वेला चला. पौड, पिरंगुट, भूगाव ओलांडून पुण्यात. याच वर्षी तिथे भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज चालू आहे. दारातून आत डोकावलात तर शिष्य रांगेने बसलेले, तंबोरा लागलेला, एक पलटा पुन्हा पुन्हा घोटला जातोय. बुवा स्वतः तीन घराण्यांच्या उस्तादांकडे शिकलेले: फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ. प्रत्येकाच्या दारात त्यांनी सेवा केली, वर्षं घातली. त्याच काळात कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे दुसरं टोक आहे. भास्करबुवांची प्रत्यक्ष तालीम न मिळताही ते त्यांना गुरू मानत. ऐकून ऐकून त्यांनी पेटी एवढी हस्तगत केली की 'मानापमान'ची पदं त्यांच्या चालींवर महाराष्ट्रभर गायली गेली. गुरू समोर हवाच की नको, हा वाद घालणाऱ्यांनी या दोघांची नावं एका दमात घ्यावीत.

पण मुळशीच्या त्या पडवीत जे चाललंय ते या दोन्हींत बसत नाही, आणि म्हणूनच मला ते मोठं वाटतं. तिथे समोर कुणीतरी बसलेलं आहे, पण ते शिकवत नाही. ते पीठ काढतंय. गाणं त्या कामाचा भाग आहे; ते नसेल तर काम संपत नाही, आणि काम नसेल तर गाणं आठवत नाही. शिवाय समोरचीला तुमच्या हाताची गरज आहे. उस्तादाला शिष्याची अशी गरज क्वचितच असते. नऊ वर्षांच्या पोरीला पहिल्या पहाटेपासून अर्धा भार मिळतो, आणि भाराबरोबर अर्धी ओवी.

परत खोऱ्यात या. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू होतोय. घरातले बाप्ये कामाच्या जागेवर जाऊन बसलेत. पांडुरंग महादेव बापट या माणसाला इथूनच लोक सेनापती म्हणायला लागतील. लढा पुढे काही वर्षं चालतो, माणसं तुरुंगात जातात, आणि तरी भिंत उभी राहते. आंबेमोहराची खाचरं पाण्याखाली जातात. घर सुटतं तेव्हा जातं मागे ठेवत नाहीत. खालची तळी बैलगाडीत चढते, वरची सुद्धा, आणि खुंटा कुणीतरी काखेत मारतं.

तोवर तुमचं लग्न झालंय. डोंगरापलीकडच्या गावात, नव्या पडवीत, सासूच्या समोर तुम्ही बसता. ती गाऊ लागते आणि तुम्ही गोंधळता. शब्द ओळखीचे आहेत, चाल वेगळी आहे. ती ओळीचा मधला शब्द उंच नेते, तुमच्याकडे तो खाली यायचा. पहिले काही दिवस तुम्ही गप्प राहून ओढता. मग तिचा गळा तुम्हाला येतो, आणि एका पहाटे ती दाणे टाकायला थांबते तेव्हा तुमच्या तोंडून माहेरची ओवी माहेरच्या चालीत निघून जाते. सासू ऐकते. पुढच्या वेळी ती तुमच्यामागून म्हणते.

या गाण्याला शाळा नव्हती, स्वरलिपी नव्हती, तरी ते गावोगाव पोचलं ते अशा मुलींमुळे. प्रत्येक लग्नात एक गळा एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेला. पुरुषांची भजनी मंडळं गावात राहिली. बायकांची गाणी गाव बदलत राहिली. परक्या घरी जाण्यातलं दुःख या ओव्यांत भरून आहेच. पण त्या दुःखानेच त्यांचा प्रवास झाला, हे मान्य करावं लागतं.

पुढची काही दशकं भरभर जातात. गिरणी येते. डब्यात दाणे न्यायचे, पीठ आणायचं. यात वाईट काही नाही. पहाटे तीनला उठून खांदे मोडून घेणाऱ्या बाईला गिरणी नको होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण ज्या पडवीत पोरगी समोर बसायची, ती जागा रिकामी झाली. ओव्या विसरायला कुणी लागलं नव्हतं. त्या आठवायचं निमित्तच उरलं नाही.

ऐंशी-नव्वदचं दशक. तुमच्या दारात हेमा राईरकर आणि गी पॉयटविन येतात. पॉयटविन जन्माने फ्रेंच, १९७२ साली भारतात आलेले आणि पुढे इथलेच नागरिक झालेले. गरीब डोंगरी संघटनेच्या कामामुळे मुळशीच्या डोंगरातल्या बायका त्यांना ओळखतात. ते म्हणतात, तुमच्या ओव्या लिहून घ्यायच्यात. तुम्ही आता म्हाताऱ्या आहात. तुम्ही विचार करता, दोन-चार आठवतात, मग अडता. कुणीतरी कोपऱ्यातलं जातं पुसून पुढे ओढतं, शेजारीण समोर बसते, खुंटा फिरतो, आणि ओव्या थांबता थांबत नाहीत. असं करत करत हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांची सूची बांधली आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण हाताळलं. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने त्या ओव्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. कोळावड्याच्या खडकवाडीतल्या बायकांचा आवाज आज कुठल्याही फोनवर ऐकता येतो.

तो आवाज ऐकून ओवी शिकता येईल का? टेंबे शिकले असते, यात शंका नाही. चाल येईल, शब्द येतील, बारकावे येतील. पण ओवीत एक जागा नेहमी मोकळी असते: भावाचं नाव, लेकाचं नाव, गावाचं नाव. ती गाणाऱ्या बाईने भरायची असते. ती भरायला समोर ऐकणारं कुणी लागतं, आणि भरायची हिंमत हाताला भार आल्याशिवाय येत नाही, असं मला वाटतं.

आता शेवटचा थांबा, या वर्षीचा लग्नाचा हंगाम, मुळशीतलंच एक घर. मांडवात जातं आणलंय, खुंट्याला आंब्याचा डहाळा बांधलाय, हळद दळायचीय. वयस्क मावशी एका बाजूला बसते. समोर नवरीची बहीण. दोन्ही हातांनी खुंटा धरते. मावशी ओवी टाकते, नवरीचं नाव घालते, आणि नवऱ्याच्या गावाशी येऊन थांबते. तिला ते माहीत नाही.

"कुठलं गं गाव त्याचं?"

"हिंजवडी," पोरगी म्हणते.

"मग म्हण तूच."

पोरगी एक फेरा नुसता ओढते. मग पहिली दोन अक्षरं एका दमात म्हणून उरलेली दोन लांबवते आणि मागून "गं बाई" जोडते. बसतं.