एक रतल धान्य

परवा आमच्या तालुक्याच्या एका ग्रुपवर मेसेज पडला, 'फुकटचं रेशन खाऊन लोक आळशी झालेत.' त्यावर भराभर अंगठे आले. हे बोलणं नवीन नाही हो. दीडशे वर्षांपूर्वीही हेच चालू होतं.

१८७६-७७ चा दुष्काळ. सोलापूर, नगर, सातारा, विजापूर पट्ट्यात पीक गेलेलं. लोक सरकारी दुष्काळी कामांवर राबत होते. व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाहणीला पाठवलं. याच टेंपलने १८७४ साली बिहारमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले होते, आणि 'फार खर्च केला' म्हणून बोलणी खाल्ली होती. या वेळी साहेब शहाणा झाला. दिवसभर राबणाऱ्या गड्याला एक रतल, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर पुरे, असं त्याने ठरवलं. एवढ्यात माणूस काम करूच शकत नाही, त्याला डाळ-भाजीही लागते, असं मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश भांडून सांगत राहिले.

मला विचाराल तर घोळ रतलाच्या आधीच होता. माणूस मरू नये म्हणून खातो, एवढंच त्या हिशेबाला कळत होतं. आपल्याकडे मिळवता माणूस एकट्यासाठी कधी जेवतो का? घरात म्हातारी असते, अंगावर पिणारं पोर असतं, सणाला दारात आलेली लेक असते. भाकरीला मीठ-मिरची लागते, ती काय चैन?

पुढचं मात्र शाळेत आम्हाला कुणी शिकवलं नाही. जानेवारी १८७७ पासून मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामं सोडली. उपाशी माणसांचा संप! गणेश वासुदेव जोशींची पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली, सरकारकडे अर्ज करत राहिली. साहेबांचा निष्कर्ष काय? ज्याअर्थी काम सोडून जातात, त्याअर्थी यांना गरज नाही! त्याच वर्षी टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला.

आता आजचं बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक कार्डांवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. एवढ्यावर कोण आळशी होतो, ते ग्रुपवाल्यांनी सांगावं.

२०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारने १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. त्यात राजकारण होतंच, नाही कोण म्हणतो? पण लोक सणासाठीही खातात, हे सरकारी कागदावर आलं. त्या रांगेची बातमी करायला मी गेलो होतो. एक मावशी म्हणाल्या, "गहू-तांदूळ तर म्हैन्याला नेतोच की. रवा-साखर हातात पडल्यावर वाटलं, पोरांना लाडू करावेत." डेस्कने ते वाक्य कापलं. पामतेल उशिरा आल्याची तक्रार तेवढी छापून आली.